एकट्यानं घाम गाळू नये

"जावईबापू! ओ जावईबापू! जित्ते हायेत का?"

कोंबड्याला अजून कंठ फुटलेला नसायचा, गल्लीतली कुत्री दुसऱ्या झोपेत असायची, आणि आमच्या खिडकीचे गज धरून ही आरोळी आत यायची. तिच्या मागोमाग भस्माचे तीन पट्टे ओढलेलं एक रुंद कपाळ गजांना येऊन टेकायचं. मी श्वास रोखून पडून राहायचो. मेल्याचं सोंग घेतलं की अस्वल हुंगून निघून जातं, असं लहानपणी ऐकलं होतं. पण अस्वलाची भाची आपल्या शेजारी झोपलेली असेल तर काय करायचं, हे त्या गोष्टीत नव्हतं. आमची ही डोळेसुद्धा न उघडता सांगायची, "जागेच हायेत मामा. पाय हालवून राहिलेत."

मग उठण्यावाचून गत्यंतर नसायचं.

आमच्या हिचे हे मामा म्हणजे अवघ्या मराठवाड्यात एकटेपणाशी उघड वैर धरलेला एकमेव माणूस. कुणी एकटा जेवताना दिसला की त्यांना स्वतःचा घास गोड लागायचा नाही. एकट्यानं चहा पिणाऱ्याच्या समोर ते आपणहून जाऊन बसायचे आणि त्याच्या बशीत फुंकर घालायचे. पण एकट्यानं व्यायाम करणारा माणूस दिसला की मात्र चौकीवर जाऊन वर्दी द्यावी, असं त्यांना मनापासून वाटायचं. आडत बाजारात त्यांचं भुसाराचं दुकान होतं. तुरीच्या पोत्यात हात घालून नुसत्या स्पर्शानं भाव सांगणारे म्हणून त्यांची ख्याती औश्यापासून उदगीरपर्यंत होती. एके वर्षी त्यांच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी दुकान मुलांवर सोपवायला सांगितलं आणि रोज सकाळी चालायला सांगितलं. दुकान त्यांनी एका दिवसात सोडलं. चालण्याला मात्र साफ नकार दिला. डॉक्टर म्हणाले, अहो, जिवाचा प्रश्न आहे. मामा म्हणाले, "जिवाचं खरं हाय, पर अब्रूचं काय? एकटा चालणारा माणूस घरून भांडून निघाल्यावानी दिसतोय." डॉक्टरांनी हसून विषय सोडला, ही त्यांची चूक झाली. मामांनी त्यांनाच पहिल्या दिवशी सोबत नेलं. दवाखान्यात पेशंट खोळंबले आणि डॉक्टर मामांबरोबर रेल्वेच्या फाटकापर्यंत जाऊन आले. त्यानंतर ते डॉक्टर सकाळी दवाखान्याला मागच्या दारानं यायचे, असं म्हणतात.

मी नांदेडचा. गोदावरीच्या काठावर वाढलेला. म्हणजे पाणी ही आपोआप येणारी वस्तू आहे, अशा भाबड्या समजुतीत वाढलेला. लातूर नुकता जिल्हा झाला होता. नव्या जिल्ह्याला कचेरी हवी, कचेरीला खुर्च्या हव्यात आणि खुर्च्यांना माणसं हवीत, या न्यायानं माझी बदली पाटबंधारे खात्यात लातूरला झाली. मी हजर झालो त्याच वर्षी पावसानं आपली बदली दुसरीकडे करून घेतली. पाणीच नसेल तर पाटबंधारे खात्यातल्या कारकुनानं दिवसभर काय करायचं, हे कुठल्याही परिपत्रकात लिहिलेलं नव्हतं. मी बसून राहायचो. खोली मामांच्याच गल्लीत मिळाली होती, त्यामुळे माझं बसणं मामांच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. एका संध्याकाळी माझ्या पोटाकडे बराच वेळ बघून ते म्हणाले, "जावईबापू, तुमचं पोट धरणावानी वाढून राहिलंय. फरक एवढाच, धरण रिकामं हाय." दुसऱ्या दिवसापासून खिडकीत कपाळ उगवायला लागलं.

व्यायाम चारचौघांतच का करावा, यावर मामांचं स्वतःचं शास्त्र होतं आणि ते चालता चालता धापा टाकत सांगायचे, त्यामुळे प्रत्येक सिद्धान्त दोन हप्त्यांत यायचा. एकटा माणूस बैठका मारताना मधले आकडे गिळतो आणि त्याला कुणी पकडत नाही. चौघांत तो चोरी करू शकत नाही. घरी पाठ धरली तर ते दुखणं, चौघांत धरली तर ती गंमत. दुसऱ्याची धाप ऐकली की आपली कमी वाटते. अंथरुणातून उठवायला जगात एकच औषध आहे, ते म्हणजे लाज, आणि एकट्या माणसाला स्वतःची लाज वाटत नाही. त्यासाठी बाहेर कुणीतरी ताटकळत उभं असावं लागतं. हे सगळं मी हसण्यावारी नेत असे. एकदा मात्र ते फाटकापाशी दम खायला थांबले आणि काहीशा वेगळ्या आवाजात म्हणाले, "चौघांतला एक आला न्हाई तर तिघांना कळतंय. एकटा आला न्हाई तर कुणाला कळंल, सांगा?" मला तेव्हा भूक लागली होती, म्हणून मी 'हाव, खरं हाय' म्हणून मोकळा झालो.

आमची जागा म्हणजे नव्या कचेरीच्या पाठीमागचं माळरान. नव्या जिल्ह्याला पहिल्या काही वर्षांत पाणी सोडून सगळं मिळालं, पण ते पाटीवर. नियोजित बसस्थानक, नियोजित नाट्यगृह, नियोजित उद्यान. गावाबाहेर उभं राहिलं की नुसत्या पाट्यांचं पीक डोलताना दिसायचं, आणि त्या दुष्काळात तेवढंच एक पीक तरारलेलं होतं. आमच्या माळावर नियोजित क्रीडा संकुल होतं. संकुल येईपर्यंत आपणच संकुल, असं म्हणून मामांनी पाटीच्या खांबाला आपला सदरा टांगला आणि गल्लीतली मंडळी जमवली. मी होतो, कोपऱ्यावरचे शिंपी होते, किराणावाले होते, कचेरीतले दोन-तीन परगावचे कारकून होते. या सगळ्यांना शिस्त लावायला मास्तर होते.

मास्तर म्हणजे उर्दू शाळेतले निवृत्त कवायतीचे मास्तर. काठीसारखे सरळ, बोलायला मोजके, आणि गळ्यात काळ्या गोफाला कायमची शिट्टी. भाजी आणायला गेले तरी ती शिट्टी गळ्यात असायची. भेंडीच्या ढिगासमोर मास्तर उभे राहिले की भेंड्या आपोआप रांगेत लागायच्या, अशी मामांची टिंगल असे. दोघं एकाच तालमीत वाढलेले. एकानं तूर विकली, दुसऱ्यानं पोरांना सावधान-विश्राम शिकवलं, पण लहानपणापासून सकाळचा चहा दोघांनी एकत्रच घेतलेला. आणि इतक्या वर्षांच्या सहवासानंतरही मामांना कवायतीतलं एक अक्षर येत नव्हतं. मास्तरांनी 'दाएँ मुड़' म्हटलं की सगळी रांग उजवीकडे वळायची आणि मामा डावीकडे. शेजारी शिंपी उभे असायचे, त्यामुळे रोज सकाळी मामांचं नाक शिंप्यांच्या नाकाला भेटायचं. शिंपी बिचारे पुढेपुढे डोळे मिटूनच वळायचे. सूर्यनमस्कारात आम्ही खाली गेलो की मामा वर असायचे, आम्ही वर आलो की खाली. विचारलं तर म्हणायचे, "समदेच खाली गेल्यावर वर बघायला कुणी पाहिजे का न्हाई?" मास्तर शिट्टी खाली सोडायचे, शांतपणे जवळ यायचे, मामांना खांद्याला धरून तिवईवरचा हंडा नीट बसवावा तसं फिरवायचे आणि म्हणायचे, "शेठ, हा उजवा. कालही हाच होता."

मग मामांच्या ओसरीवर मंडळींसाठी सुशीला असायचा. चुरमुऱ्यांचा हा आमच्या भागातला नाश्ता मामी इतका ढीगभर करायच्या, वर शेंगदाण्याचा कूट आणि कोथिंबीर अशी पेरायच्या, की माळावर गाळलेला घाम ओसरीवर दामदुपटीनं भरून निघायचा. व्यायामाला लागल्यापासून माझ्या सदऱ्याची दोन बटणं तुटली. शिंप्यांनी ती लावून दिली आणि सांगितलं, "मामांच्या तालमीचं पहिलं लक्षण हेच."

मामांच्या शास्त्राचा सगळ्यात मोठा विजय मात्र वेगळाच होता. कचेरीत पश्चिम महाराष्ट्रातून एक तरुण साहेब आले होते. पांढरी अर्धी चड्डी, पांढरे बूट घालून ते पहाटे एकटेच औसा रोडनं पळायचे. एकदा आम्ही माळावर जमत असताना ते मामांच्या दृष्टीला पडले. मामांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. एवढा मोठा साहेब, एकटा, तोही चड्डीवर पळतोय, म्हणजे काहीतरी झालं असणार. "चला रे, साहेब पळून राहिलेत," असं म्हणून त्यांनी धोतराचा सोगा खोचला आणि निघाले. मामा पळाले म्हणून आम्ही पळालो. आम्ही पळताना दिसलो म्हणून दूधवाले सायकली घेऊन निघाले. रात्रपाळीहून परतणारे डाळ मिलचे हमाल कसलीही चौकशी न करता सामील झाले, कारण त्या वर्षी कुठंतरी टँकर आला असेल तरच माणसं पळायची. बायका घागरी घेऊन निघाल्या. मी खोटं सांगत नाही, औश्याच्या बाजूला धूळ एवढी उठली की तिकडच्या शेतकऱ्यांनी पाऊस आला म्हणून गोठ्याची कौलं तपासली. साहेबांनी एकदा मागं वळून पाहिलं आणि वेग वाढवला. आम्हीही वाढवला. शेवटी एका बाभळीखाली साहेब थांबले, घाम पुसला, आणि समोरचे रिकामे हंडे, दमलेली माणसं, पुढे उभे असलेले भस्म पुसट झालेले मामा हे सगळं पाहून ताठ उभं राहून म्हणाले, "तुमचं निवेदन द्या."

मामांना धाप लागली होती. गुडघ्यांवर हात टेकून ते म्हणाले, "निवेदन कशाचं साहेब? तुमी एकले पळून राहिलात, म्हणून सोबत आलो."

साहेबांनी ते अतिशय धूर्त उत्तर मानलं असणार. कारण त्याच दुपारी आमच्या गल्लीत टँकर आला, आणि पुढच्या सोमवारीही आला. चार माणसांनी मिळून पळण्याचे फायदे मामा पुढं सांगायचे तेव्हा त्यात टँकरही धरायचे. गल्लीतल्या बायका तर हट्टालाच पेटल्या, की पुरुषांनी रोज साहेबांच्या मागं पळावं. पण साहेबांनी पळणं सोडून सायकल घेतली, आणि टँकर पुन्हा येईल तेव्हा यायला लागला.

उन्हाळा चढला. विहिरी तळाला गेल्या. आणि त्या उन्हाळ्यात मास्तरांची बेगम गेली. चार दिवसांचा ताप, बस. मास्तरांना मूलबाळ नव्हतं. माती झाली, माणसं पांगली, आणि मास्तरांनी दार लावून घेतलं. बहिणीचा मुलगा निलंग्याहून येऊन गेला, त्यानं बरोबर चला म्हटलं, त्यांनी मान हलवली. शेजारणी भाकरी देऊन जायच्या, ताट अर्धं परत यायचं. मामा भेटायला गेले. जाताना मला घेऊन गेले, कारण सांत्वनसुद्धा एकट्यानं करायची त्यांना सवय नव्हती. अख्खी दुपार आम्ही त्या अंधाऱ्या खोलीत बसलो. भिंतीवरच्या खिळ्याला शिट्टी टांगलेली होती. गावभर ज्यांच्या आवाजानं कबुतरं उडायची ते मामा तीनदा नुसते खाकरले. शेवटी ते तुरीच्या भावाबद्दल बोलले. मग हरभऱ्याच्या. मग पुन्हा तुरीच्या. मास्तर भिंतीकडं बघत होते. बाहेर आल्यावर मामा ओट्याला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "मला हे न्हाई जमत. ह्यो असाच बसला तर उठायचा न्हाई, जावईबापू. मी बघितलंय. माझा बाप असाच बसला हुता."

त्यानंतर खिडकीत कपाळ आलं नाही. पहिल्या दिवशी मी सुखानं कूस बदलली. दुसऱ्या दिवशी पहाटेच जाग आली आणि गजांकडे बघत पडून राहिलो. तिसऱ्या दिवशी ही म्हणाली, "जा की बघून या, मामाला काय झालंय." मी गेलो. मामा ओसरीवर बसले होते, भस्म लावून, धोतर खोचून, आणि कुठंही निघालेले नव्हते. माळावर कुणीच नव्हतं. शिट्टीवाचून मंडळी जमतच नव्हती. हा माणूस बाराही महिने हात-पाय चालवून जगलेला, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की चालणं सुटलं तर पुन्हा कळ येईल. तिकडं एकजण बसला होता आणि इकडं त्याच्यामुळं दुसरा.

तोडगा काढला मामींनी, आणि तोही रागाच्या भरात. पहाटेपासून हापशावर नंबर लावून त्यांचा खांदा धरला होता. त्या वर्षी हापसे असे झाले होते की दांडा एका लयीत, न थांबता मारत राहिलं तरच बऱ्याच वेळानं पाणी वर यायचं. जरा हात थांबला की पाणी पुन्हा खाली जायचं आणि पहिल्यापासून सुरुवात. एकट्या बाईचा दम पाणी यायच्या आतच संपायचा. रिकामी घागर ओसरीवर आदळून मामी म्हणाल्या, "माळावर हवेत हात मारून काय निघतंय हो तुमचं? हितं येऊन मारा, घागर तरी भरंल."

मामा उठले. अर्ध्या तासात त्यांनी गल्लीतला एकेक दरवाजा ठोठावून मंडळी जमवली. गल्लीत दोन हापसे होते, दोन्ही सारखेच रडके. एक मामांच्या घरासमोर, दुसरा पार टोकाला मास्तरांच्या दारात. मामांनी टोकाचा निवडला. मी विचारलं, जवळचा का नको? ते म्हणाले, "तिथली हवा चांगली हाय." त्या उन्हाळ्यात लातुरात कुठंही हवा नव्हती.

मग जे सुरू झालं त्याला मी अजून व्यायाम म्हणायला धजत नाही. दांड्याला दोघंदोघं, मागं रांग. दमले की पुढच्यांनी हात न थांबू देता दांडा पकडायचा, अशी मामांची योजना. पहिल्या जोडीत मामा आणि शिंपी. शिंपी दांडा खाली दाबायचे तेव्हा मामा वर उचलायचे. दोघंही घामाघूम, कपाळाच्या शिरा फुगलेल्या आणि दांडा जागच्या जागी स्थिर. मामांनी 'बदला' म्हणून ओरडायच्या आधीच शिंपी सुटले, दांडा उसळून वर गेला आणि किराणावाल्यांच्या हनुवटीला लागला. माझी पाळी आली तेव्हा मामांनी अशी काही लय धरली की हापसा ढेकर द्यायला लागला. भिंतीला टेकून बायका घागरी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दुष्काळात त्यांना फुकट तमाशा मिळाला होता. एकीनं विचारलं, "मामा, पाणी काढून राहिलात का हापसा मारून टाकून राहिलात?" मामा मान वर न करता म्हणाले, "आधी त्याचं नरडं मोकळं करून राहिलोय."

घागरीत पाण्याचा थेंब पडला नाही. पण दुसऱ्या दिवशी खिडकीत कपाळ उगवलं, "जावईबापू, जित्ते हायेत का?", आणि मला स्वतःची लाज वाटली इतका मी खूश झालो. पुन्हा तोच खेळ. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तोच. मास्तरांच्या खिडकीचं एक फळकूट बोटभर उघडलं होतं. मामांचं तिकडं लक्ष नव्हतं, निदान तसं ते दाखवत होते. ते जिवाच्या आकांतानं दांडा उलटा मारत होते आणि मोठमोठ्यानं भलतीच लय देत होते. आत माणूस कसा सहन करत असेल ह्या कल्पनेनं माझ्याच अंगावर काटा आला. उभं आयुष्य ज्यानं पोरांची पावलं जुळवली, त्याच्या दाराशी आठ माणसं आठ तऱ्हांनी हात हलवत होती.

आतून आवाज आला, "उलटं."

खर्जातला, कित्येक दिवस न वापरलेला आवाज. मामांनी ऐकलं नसावं. त्यांनी आणखी जोरात उलटं मारलं. मग फळकूट पूर्ण उघडलं. "शेठ, उलटं. दाब. आता सोड. सोड म्हणतोय." मामांनी दाबायच्या वेळी सोडलं आणि सोडायच्या वेळी दाबलं. शिंपी रडायच्या बेतात आले होते.

मग शिट्टी वाजली.

बायका उठून उभ्या राहिल्या. लुंगी आणि बनियनवर, दाढीचे खुंट वाढलेले, मास्तर उंबऱ्यात उभे होते. कुणाशी काही बोलले नाहीत, कुणाकडं पाहिलं नाही. उंचीप्रमाणे आमची रांग लावली. मामांना खांद्याला धरून दांड्यासमोर नीट उभं केलं, त्यांचे दोन्ही हात धरून दांड्यावर ठेवले, आणि त्या हातांवर आपले हात ठेवले. एक शिट्टी, दाब. एक शिट्टी, सोड. दोन आखूड शिट्ट्या, जोडी बदल. हापशानं आधी ढेकर दिला, मग खोकला, मग पोटातून कुठूनतरी खोल गुरगुरला, आणि पाणी आलं. हाताच्या मनगटाएवढी धार, गढूळ, मातकट, आणि त्या सकाळी जगातली सगळ्यात सुंदर. गल्लीतल्या शेवटच्या घागरीपर्यंत मास्तरांनी शिट्टी थांबवली नाही. मग गोफ गळ्यात घातला, म्हणाले, "उद्या वेळेवर," आणि आत गेले. दार मात्र त्यांनी उघडंच ठेवलं.

त्या दिवशी ओसरीवर सुशीला खायला ते आले. पुढचा सगळा उन्हाळा आमची तालीम हापशावरच चालली. पावसानं तोंड दाखवलं तोवर माझ्या सदऱ्याची बटणं आपोआप लागायला लागली होती, किराणावाल्यांच्या कमरेचा पट्टा दोन भोकं आत गेला होता, आणि डॉक्टरांनी मामांची छाती तपासून, एवढं चालता तरी किती, असं विचारलं. मामा म्हणाले, चालत नाही, पाणी पाजतो.

एकदा रेल्वेच्या फाटकापाशी आम्ही दोघंच होतो तेव्हा मी मामांना गाठलं. म्हटलं, मामा, खरं सांगा, मास्तरांना उठवायला तुम्ही ते मुद्दाम उलटं मारत होता ना? मामांनी इकडंतिकडं पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, डोळा बारीक करून म्हणाले, "आता कळलं का? माणूस हुशार पाहिजे, जावईबापू." त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल एवढा आदर वाटला की घरी येऊन हिला मी सगळं दोनदा सांगितलं. नांदेडला बदली झाल्यावर तिथल्या लोकांनाही सांगितलं. जाईन तिथं सांगत राहिलो, आणि प्रत्येक वेळी त्यात मामा आणखी थोडे हुशार होत गेले.

बऱ्याच वर्षांनी मामा गेले. आम्ही पहिल्या एसटीनं नांदेडहून निघालो आणि पोचलो तेव्हा गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. ज्या माणसानं जन्मात कुणाला एकट्याला चालू दिलं नाही, त्याच्या मागं चालायला सगळा आडत बाजार आला होता. लिंगायतांत माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात. फुलांनी सजवलेल्या मखरात, ज्याला विमान म्हणतात, मामा ताठ बसले होते, भस्माचे पट्टे एकाला एक समांतर. इतकी बिनचूक बैठक मी त्यांची कधी पाहिली नव्हती. खांदेकरी सगळे निरनिराळ्या उंचीचे, रस्ता खडबडीत, पावलं जुळेनात, विमान एकदा या अंगाला झुकायचं, एकदा त्या अंगाला. आता पूर्ण वाकलेले मास्तर बाजूनं चालत होते. शिट्टी त्यांच्या मुठीत होती, ती त्यांनी वाजवली नाही. फक्त हळू आवाजात, ज्याला ऐकायचं त्यालाच ऐकू येईल असं, ते म्हणत राहिले, "दाएँ... बाएँ... दाएँ..." थोड्या वेळानं विमान सरळ चालायला लागलं.

परतल्यावर मास्तर आपल्या दारातल्या हापशाच्या कट्ट्यावर बसले. हापसा केव्हाच बंद पडलेला, दांडा कुणीतरी काढून नेलेला. मी शेजारी बसलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, मास्तर, मामांचं डोकं मात्र मानलं पाहिजे. तुम्हाला बाहेर काढायला किती दिवस मुद्दाम उलटं मारत राहिले.

मास्तरांनी मुठीतली शिट्टी गळ्यात अडकवली.

"मुद्दाम कशाचं?" ते म्हणाले. "त्याला खरंच येत नव्हतं. म्हणून तर मला रोज यावं लागायचं."